नाशिकचा १३ वर्षांचा अनुभव ओंटारियोत ८ महिने कसा झाला?

ताई, नमस्कार. तुमची अडचण मला कळली ती अशी: नाशिकला १३ वर्षं गाडी चालवली, पीआर (कायमचं राहण्याचा परवाना) घेऊन कॅनडात ओंटारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला येऊन ५ महिने झाले, निघायच्या आधी लायसन्स रिन्यू केलं आणि नव्या कार्डावर नवीच तारीख आली, त्यामुळे इथल्या लायसन्स ऑफिसच्या काउंटरवर तुमचा अनुभव फक्त ८ महिने धरला. आणि आता कुणी एजंट ५ हजारात "आरटीओचं लेटर" देतो म्हणतोय.

आधी जे तुम्ही विचारलंच नाहीये ते सांगते, कारण मला काळजी त्याचीच वाटतेय. तुम्ही लिहिलंय की आयडीपी (परदेशात गाडी चालवायचं इंटरनॅशनल परमिट) एक वर्षाचं आहे म्हणून नवऱ्याची गाडी चालवतेय. ताई, ते आजच्या आज थांबवा. आयडीपीवरचं वर्ष पाहुण्यांच्या कामाचं, इथं राहायला आलेल्या माणसाला भारतातलं लायसन्स ६० दिवसच चालतं, ते तुमचे कधीच संपलेत. पकडलं तर दंड २०० ते १,००० डॉलर, पण खरी भीती इन्शुरन्सची आहे, कारण लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातून ॲक्सिडेंट झाला तर कंपनी हात वर करू शकते, आणि गाडी चालवायला दिली म्हणून मिस्टरही अडकतात.

आता अनुभवाचं. जपान, जर्मनी, ब्रिटन अशा देशांशी ओंटारियोचा लायसन्स अदलाबदलीचा करार आहे, भारताशी नाही, म्हणून जी-वनची (शिकाऊ लायसन्सची) लेखी परीक्षा आपल्याला चुकत नाही, डोळ्यांची तपासणी तर सगळ्यांनाच असते. लेखी झाली की पुढे किती थांबायचं ते अनुभवावर ठरतं. कार्डावर दिसतो तो अनुभव जास्तीत जास्त १२ महिन्यांपर्यंत नुसत्या कार्डावर धरतात, त्याच्या वरचा हवा असेल तर लायसन्स देणाऱ्या ऑफिसचं किंवा आपल्या कॉन्सुलेटचं लेटर लागतं. मागच्या ३ वर्षांत २४ महिने गाडी चालवल्याचं सिद्ध झालं की थेट जीची (पूर्ण लायसन्सची) रोड टेस्ट देता येते. फक्त ती पहिल्यांदा फेल झालात तर आधी जी-टू (मधल्या टप्प्याची टेस्ट) पास व्हावं लागतं, म्हणून इथल्या हायवेची थोडी प्रॅक्टिस करूनच जा, अर्थात इन्स्ट्रक्टरसोबत.

एजंटचं लेटर अजिबात घेऊ नका. ओंटारियोच्या हायवे ट्रॅफिक ॲक्टच्या कलम ९ खाली खोटी माहिती दिली तर ४०० ते ५,००० डॉलर दंड, ३० दिवसांपर्यंत तुरुंग आणि लायसन्स सस्पेंड, एवढं होऊ शकतं. तुमचा अनुभव खरा आहे हो, खऱ्या गोष्टीला खोटा कागद कशाला जोडायचा?

सरळ रस्ता असा की सारथी पोर्टलवर (भारत सरकारची लायसन्सची वेबसाइट) तुमचं रेकॉर्ड दिसतं का बघा. जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल तर बऱ्याचदा ते ऑनलाइन चढलेलंच नसतं, मग भावाला अधिकारपत्र देऊन पेठ रोडच्या आरटीओत पाठवा, आधी नोंद चढवून घ्या, मग डीएल एक्स्ट्रॅक्ट (लायसन्सच्या नोंदीचा अधिकृत उतारा) मागा. रेकॉर्ड ऑनलाइन असेल तर टोरांटोच्या भारतीय कॉन्सुलेटकडे बीएलएसमार्फत (त्यांच्यासाठी अर्ज घेणारी कंपनी) अर्ज करा, ते जास्त सोपं पडतं. लेटरहेड, सही, शिक्का, लायसन्स नंबर, पहिल्यांदा दिल्याची तारीख आणि लायसन्स चालू आहे हा उल्लेख, हे सगळं हवं. स्कूटरचं लायसन्स आधी काढलं असेल तर कारची तारीख वेगळी लिहून घ्या, इथं तीच कामाची.

आणि एक, तुमचं लायसन्स माहेरच्या नावावर आणि पीआर कार्ड सासरच्या नावावर आहे असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, पण ते सहज नाहीये. लेटरवर जुनं नाव आलं तर काउंटरवरून परत पाठवतील, म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट सोबत न्या, मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.