हायड्रोजनचे पाणी पिऊन दम टिकतो का?

प्रश्न : मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करीत आहे. सोबत धावणारे काही जण हायड्रोजनयुक्त पाणी पितात आणि त्यामुळे थकवा कमी येतो, असे सांगतात. पाण्यात हायड्रोजन मिसळणारी महागडी बाटली घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र तुमचे सोबती सांगतात ते अगदीच निराधार नाही. 2007 साली जपानी संशोधकांनी हायड्रोजन वायू पेशींमधील अतिशय घातक अशा हायड्रॉक्सिल रॅडिकलला (ऑक्सिडेशन घडवून पेशींना इजा करणाऱ्या कणाला) निष्प्रभ करतो, असे दाखवले आणि तेव्हापासून खेळाडूंवर प्रयोग सुरू झाले. त्यांपैकी 2012 सालचा जपानमधील प्रयोग नेहमी पुढे केला जातो. त्यात दहा फुटबॉलपटूंना एकदा हायड्रोजनयुक्त व एकदा साधे पाणी देऊन, सायकल चालवल्यानंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद मोजली गेली. हायड्रोजनयुक्त पाण्यानंतर रक्तातील लॅक्टेट (जोरदार व्यायामात स्नायूंमध्ये तयार होणारा, थकव्याशी जोडला जाणारा पदार्थ) कमी वाढले आणि स्नायूंची ताकदही कमी घटली. परंतु ज्या ऑक्सिडेशनला हायड्रोजन आवर घालतो असे मानले जाते, त्याच्या रक्तातील खुणांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय लॅक्टेट हे थकव्याचे मूळ नव्हे, स्नायू आणि हृदय ते इंधन म्हणून वापरतात. त्यामुळे केवळ ते कमी झाले म्हणून दम वाढला, असे म्हणता येत नाही. नंतरचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. व्यायामानंतरचा थकवा थोडा कमी जाणवल्याच्या नोंदी आहेत, पण दमसास वाढल्याचा भक्कम पुरावा नाही.

आता बाटलीविषयी. नेहमीच्या तापमानाला व हवेच्या दाबाला एक लिटर पाण्यात जेमतेम 1.6 मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो आणि झाकण उघडताच तो उडून जाऊ लागतो. सकाळी भरलेले पाणी शर्यतीच्या मार्गावरचा यवतेश्वरचा घाट चढून झाल्यावर प्यायलात, तर पोटात बहुतांशी साधे पाणीच जाईल. विक्रेते अनेकदा अल्कलाइन (क्षारधर्मी) पाणी आणि हायड्रोजनयुक्त पाणी एकच असल्यासारखे बोलतात, तेही खरे नाही.

घाटात पोटऱ्यांना गोळे येत असतील, तर चढावरचा सराव हळूहळू वाढवणे, लांब धावेत पाण्यासोबत मीठ-साखर घेणे आणि पुरेशी झोप यांकडे आधी लक्ष द्यावे. कोणी हायड्रोजन तयार करणाऱ्या गोळ्या सुचवल्या, तर त्यांत बहुधा मॅग्नेशियम असते हे ध्यानात ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.