शोकांतिकेतली मोठी भूमिका अवघड असते म्हणतात, तरी प्रत्येक नटाला ती का हवी असते?

मी हौशी नट, दिवसा बँकेत. पुण्यात भरत नाट्य मंदिरात आम्ही शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ मराठीतून केलं, त्यात मी लिअर होतो. तेवढ्या भांडवलावर लिहितोय.

हवी असते, कारण चूक त्या माणसाची स्वतःची असते. ‘एकच प्याला’तला सुधाकर हुशार वकील, पण तापट आणि मानी, त्यापायीच दारूला लागतो. ‘नटसम्राट’चे अप्पासाहेब (1970, ही भूमिका पहिल्यांदा केली डॉ. श्रीराम लागूंनी) होतं नव्हतं ते मुलांना स्वतःच्या हाताने वाटून टाकतात. तो तोरा दाखवायलाच खरी मजा येते. आपल्याकडे गॅदरिंगला दरवर्षी कुणीतरी घर मागणारं स्वगत पहिल्या शब्दापासून रडत म्हणतो. मग उरतो नुसता बिचारा म्हातारा.

अवघड म्हणाल तर आधी घसा. लिअरला आवाज तापवायला वेळच नाही. पहिल्याच प्रवेशात राज्याची वाटणी करतो आणि लाडक्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, हाकलूनही देतो. तिथे सगळं ओतलंत की वादळाच्या प्रवेशाला आवाज शिल्लक राहत नाही. माझा तालमीत दोनदा बसला. शेक्सपिअर स्वतः नट होता, त्याला नटाचा दम ठाऊक. वादळानंतर लिअर बराच वेळ विंगेतच असतो. मी तेव्हा गरम पाणी पीत आडवा पडायचो.

शेवटी मेलेल्या कॉर्डेलियाला उचलून आणायचं. (आमची कॉर्डेलिया अठ्ठावन्न किलोंची, माझी कंबर बावन्न वर्षांची.) टाहो फोडायचा, आणि मरायच्या जरा आधी राजा म्हणतो, एवढी गुंडी सोडा. मी तिथे हुंदके द्यायचो. दिग्दर्शक बाई खालून ओरडल्या, “अहो, जीव गुदमरतोय, गळ्याशी गुंडी काचतेय. ती सोडवून हवीये, बास! रडायचं ते लोक बघतील.”

पुढच्या खेपेला शेजाऱ्याकडे पेपर मागावा तसं म्हणालो. केंट, म्हणजे राजाचा निष्ठावान सरदार, करणारा मुलगा गुंडी सोडायला वाकला. रोज चुटकीसरशी सोडायचा. त्या दिवशी त्याला ती सुटेचना.