ब्रिटनीच्या खडकाळ किनाऱ्यावर प्रथमच जाताना
फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर प्रथमच जाणार असाल, तर हॉटेल शोधण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहा, कारण सँ-मालोजवळ मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी १२ मीटरहून अधिक बदलते आणि ओहोटीत कोरड्या पायांनी गाठलेला खडक काही तासांत बेट होऊन बसतो. वेळापत्रकातील भरती-ओहोटीचा जोर सांगणारा २० ते १२० दरम्यानचा गुणांक शंभराच्या वर असेल, तर पाणी चढू लागण्यापूर्वीच मागे फिरा.

चोरटा व्यापार रोखण्यासाठी गस्त घालणाऱ्या जकात शिपायांच्या जुन्या वाटेवरून जाणारा जीआर ३४ हा पायी मार्ग सुमारे २००० किलोमीटरचा आहे. पहिल्या खेपेस पेरोस-गिरेक ते प्लूमानाक एवढाच टप्पा निवडा आणि तेथील गुलाबी ग्रॅनाइटचे धोंडे मावळतीच्या उन्हात पाहा, मी तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा तेथे जातो. कड्यांवरील हेदरची झुडपे तुडवली जाऊ नयेत म्हणून आखलेली वाट सोडू नका.