दुबईला व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथे वर्क व्हिसा करून घ्यावा का? मामांच्या ओळखीचा एजंट दीड लाख मागतोय

नाही. जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय की आयटीआय इलेक्ट्रिशियन आहात, वय २६, राहायला भांडुपला. एजंट म्हणतो 'आधी व्हिजिटवर चला, कंपनी महिन्याभरात व्हिसा बदलून देईल'. ज्या कंपनीला तुम्ही खरंच हवे आहात, ती आधी ऑफर लेटर पाठवते. २०१६ पासून यूएईत कायदाच आहे की ठरलेल्या नमुन्यातलं ऑफर लेटर कामगाराने तिकडे जायच्या आधी सही करायचं. ते हिंदीतही मिळतं. त्यावरचा पगार नंतरच्या करारात कमी करता येत नाही. व्हिजिटवर काम करणं तर बेकायदाच, आणि आता अशी माणसं कामाला ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहॅम दंड आहे. रेड पडली की मालक पहिलं काय करेल? 'हा माणूस आमचा नाही' म्हणेल.

मी एवढ्या खात्रीने का बोलतोय, तर २०११ साली मीही असाच गेलो होतो. व्हिजिटवर नाही, 'आझाद व्हिसा'वर.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण मी वाढलो विक्रोळीच्या कन्नमवार नगरात. आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसी केलं होतं. आमचे दाजी (मोठ्या बहिणीचे यजमान) तेव्हा सौदीत दमामला सात वर्षं काढून आलेले. हातात घड्याळ, बोलण्यात 'याल्ला'. म्हणाले, "कंपनीच्या व्हिसावर बांधून घेतात रे. आझाद व्हिसावर तू तुझा राजा. कफीलला (ज्याच्या नावावर व्हिसा तो सौदी मालक) महिन्याला तीनशे रियाल फेकायचे, काम कुठेही कर." किंमत १,१०,००० रुपये. तिकीट वेगळं. आईच्या पाटल्या मोडल्या, उरलेले पतपेढीतून उचलले.

माझ्या पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते, असा) शिक्का नव्हता, दहावी पास ना. त्याचा केवढा अभिमान! ती तपासणी करणाऱ्या प्रोटेक्टरच्या सरकारी ऑफिसात जायला नको, क्लिअरन्स नको. आता कळतं की तो शिक्का असता तर निदान कुणीतरी कागद उघडून बघितले असते. व्हिसा अरबीत. एजंट म्हणाला, "लेबर लिहिलंय, सगळ्यांचं तेच असतं."

दमामला एका एसीच्या दुकानात लागलो. दोन महिन्यांनी इकामा (तिथलं राहण्या-कामाचं ओळखपत्र) हातात आला, तो बरोबरच्या मल्याळी पोराने वाचला आणि हसतच सुटला. 'राई घनम'. मेंढपाळ! आमच्या गावाकडेही मी कधी मेंढरू वळलं नाही, कन्नमवार नगरात तर प्रश्नच नाही. पण सौदी सरकारच्या लेखी मी कुठल्यातरी कफीलची मेंढरं राखत होतो आणि प्रत्यक्षात स्प्लिट एसीत गॅस भरत होतो.

दोन वर्षं रेटली. २०१३ ला निताकतची, म्हणजे कंपन्यांत सौदी माणसं घ्यायला लावणारी सरकारी मोहीम आली. ज्याच्या नावावर इकामा, त्याच्याकडेच काम करायचं, नाहीतर ३ नोव्हेंबरपर्यंत मालकाचं नाव बदलून घ्या किंवा देश सोडा. आमचं दुकान निताकतच्या लाल यादीत (सौदी माणसं कमी असलेल्यांच्या), म्हणजे माझा इकामा त्यांच्या नावावर होऊच शकत नव्हता. एकदा खाली चेकिंगवाले आले म्हणून आम्ही तिघं गच्चीवर आउटडोअर युनिटांच्या मागे तीन तास बसलो. ऑगस्ट महिना. त्या पंख्यांची गरम हवा थेट तोंडावर. बंदही करता येईना, खालच्या लोकांना संशय आला असता. त्यातलं एक युनिट मीच बसवलेलं, आणि नट नीट आवळला नव्हता म्हणून ते खडखडत होतं. तीन तास तोच आवाज.

शेवटी कफीलला दोन हजार रियाल देऊन पासपोर्ट सोडवला आणि फायनल एक्झिट (देश कायमचा सोडायचा परवाना) घेऊन आलो. त्याच दिवशी त्याचा मुनीम सहज बोलून गेला, "तुझा व्हिसा आम्ही सहा हजारांना विकला होता." तेव्हाच्या बारा रुपये भावाने ७२,०००. मी भरले १,१०,०००. मग मधले ३८,००० कुठे गेले? दाजी म्हणतात एजंटाने खाल्ले. एजंट म्हणाला, "तुमच्या दाजींना विचारा." बारा वर्षं झाली, दर गणपतीत हा विषय निघतो आणि ताई भांडी जोरात आपटायला लागते. दाजींचं पालुपद एकच, "तुझ्यात दम नव्हता." ते हे वाचतील. वाचू देत.

२०१७ ला मी शारजाला गेलो, कंपनीच्या व्हिसावर. मेडिकल, व्हिसा, तिकीट सगळं कंपनीचं. यूएईच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाचा आहे, कामगाराकडून घेताच येत नाही. आपल्याकडेही नोंदणी असलेल्या एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्यावर घ्यायला मनाई आहे. तुमच्या एजंटाचं नाव ई-मायग्रेटवर, म्हणजे सरकारच्या परदेशी नोकऱ्यांच्या साइटवर शोधा. तिथे नाव नसेल तर पुढे बोलूच नका.

तुम्ही यूकेच्या केअर होमच्या स्पॉन्सरशिपचंही विचारलंय, बारा लाखांत. तो रस्ता बाहेरून येणाऱ्यांसाठी जुलै २०२५ मध्येच बंद झाला. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट विकायला तिथे मनाई आहे, आणि लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी सरकारच्या साइटवर फुकट बघता येते. जर्मनी-कॅनडाचं मला कळत नाही, दुसरं कुणी सांगेल.

आणि हो, सगळेच आझाद व्हिसावाले बुडाले असं नाही. आमच्याच मजल्यावरच्या एकाने त्यावर डोंबिवलीत फ्लॅट घेतला. सौदीतही २०२१ पासून एक वर्ष झालं की कफीलला न विचारता नोकरी बदलता येते. पण घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ त्यात धरलेले नाहीत. म्हणजे मी आज असतो तरी अडकलोच असतो.

तरी जायचंच असेल तर दीड लाखाची पावती मागा, कुणाला किती ते फोड करून. एजंट देणार नाही. मग मामांना विचारा, त्यांचे त्यात किती. रागावले तर रागावू देत.