सिलिअ‍ॅक आहे, म्हणून भेटायचंच नाही का?

अगं, सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजाराचं, निदान होऊन तीनच महिने झालेत आणि आता कोणी मिळणार नाही असं ठरवूनही टाकलंस? मला सिलिअ‍ॅक निघून अकरा वर्षं झाली, लग्नाला सहा. सध्या एवढंच सांभाळ.

पहिली भेट जेवणावर ठेवूच नकोस. पुण्यातली पर्वती टेकडी चढा, संध्याकाळी झेड ब्रिजवर उभे राहा. पोटाची धास्ती नसली की समोरचा माणूस नीट दिसतो.

सांगायचं मात्र लवकर आणि स्पष्ट: "हा आजार आहे, डाएटची फॅशन नाही. गहू, जव, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) कणभरही चालत नाही." नव्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे संकोचाने "थोडंसं चालतं" म्हणणं. मीही म्हणायचे. मग तो प्रेमाने अर्धी पोळी पुढे करतो आणि आपण चार दिवस आडवे.

बाहेर खाल्लंतच तर विचार:
- साबुदाणा वडा सामोशाच्याच तेलात तळलाय का?
- हिंग कुठला? डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे सांबारही आलं.
- बिअर जवाची असते, ती नकोच.

चुंबनाचं विचारायला लाजलीस, पण प्रश्न अगदी रास्त आहे. त्याने पाव-पोळी खाल्ली असेल तर आधी दात घासू दे, निदान खळखळून चूळ तरी. कुरकुर न करता हे करणारा माणूस सोडू नकोस.

मुलांचं, आनुवंशिकतेचं नंतर बोलू. कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरलाच, तर फोडणीत हिंग नको हे आईला आधीच कळवायला सांग.