ब्लाइटटाउनच्या फळ्यांवरून

‘डार्क सोल्स’ या व्हिडिओ गेममधल्या ब्लाइटटाउनबद्दल या वेळी इतके प्रश्न आले की सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. गेम २०११चा, रिमास्टर्ड आवृत्ती २०१८ची. तरी कुजक्या लाकडांची ही उभी वस्ती नव्या खेळाडूला आजही तशीच अडवते. तिथे हात कमी पडतो म्हणून मरणारे थोडे. बहुतेक जण पुरेसं सामान न घेता, घाईने उतरतात म्हणून मरतात.

“वरच्या भागात कुठून तरी सुई येऊन लागते आणि बघता बघता हेल्थ संपते. पर्पल मॉस खाल्लं तरी फरक पडत नाही. मारणारा दिसतही नाही.” (सिडको)

तुमचं औषधच चुकतंय. या गेममध्ये विषाचे दोन प्रकार आहेत. साधं पॉयझन हळूहळू पोखरतं, तर टॉक्सिक भराभर हेल्थ खातं. पर्पल मॉस क्लम्प फक्त पॉयझनवर चालतं. सुईतून येतं ते टॉक्सिक, आणि त्यावर ब्लूमिंग पर्पल मॉस क्लम्पच लागतं. दोन्ही मॉस फायरलिंक श्राइन (गेममधला मुख्य तळ) आणि लोअर अनडेड बर्ग यांना जोडणाऱ्या पाटाजवळ बसलेल्या म्हाताऱ्या विक्रेतीकडे मिळतात. साधं ५०० सोल्सना (सोल्स म्हणजे गेममधलं चलन), ब्लूमिंग १००० सोल्सना. वरच्या वाटेने उतरणार असाल तर ब्लूमिंगचे निदान पाच-सहा नग खिशात हवेत. महाग वाटेल, पण मेल्यावर पायाशी सांडणाऱ्या सोल्सपेक्षा स्वस्तच पडतं.

सुई लागल्या लागल्या टॉक्सिक होत नाही. आधी स्क्रीनवर एक पट्टी भरत जाते आणि ती काठोकाठ भरली की मग बाधा होते. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते बघूनच आपण काय ते ठरवतो, तसं या पट्टीकडे लक्ष ठेवा. अर्धी भरली की पुढे पळू नका. खांबाआड किंवा झोपडीत शिरा, पट्टी उतरू द्या, मग निघा. ढालीवर सुई अडवली तरी साध्या ढालीतून थोडं विष आत येतंच. डेप्थ्समध्ये, म्हणजे ब्लाइटटाउनच्या आधीच्या भुयारी भागात, मिळणारी स्पायडर शील्ड त्यातलं बरंचसं अडवते, म्हणून या भागापुरती तीच हातात धरा.

आता मारणारा. सुईचा बारीक ‘फुस्’ आवाज येतो, हेडफोन लावले तर दिशाही कळते. हे फुंकणीवाले बहुधा समोरच्या किंवा खालच्या मचाणावर एकटेच उभे असतात. कॅमेरा सावकाश फिरवा, सापडला की धनुष्य काढा. अनडेड बर्गच्या व्यापाऱ्याकडचा शॉर्ट बो आणि तीसेक साधे बाण पुरतात, कारण यांची हेल्थ अगदी थोडी असते. सगळ्यात कामाची गोष्ट ही की एकदा मेलेला फुंकणीवाला परत येत नाही. तुम्ही बॉनफायरवर (विसाव्याची शेकोटी, जिथे बसलं की बाकी शत्रू परत येतात) बसलात तरी नाही. म्हणून पहिल्या फेरीत पुढे जाण्याचा हट्ट सोडा. एक मारा, जगलात तर दुसरा मारा, मेलात तर परत या. दोन-तीन फेऱ्यांत वाट मोकळी होते. सुया चुकवत धावत सुटायचं, ही इथली सगळ्यात महागडी चूक.

“शत्रूपेक्षा मी जास्त वेळा पडूनच मरतो. काही युक्ती?” (गंगापूर रोड)

फळ्यांवर लॉक-ऑन (एका शत्रूवर नजर खिळवणं) सोडून द्या. लॉक लावला की पात्र शत्रूभोवती बाजूला सरकत जातं, आणि अरुंद फळीवर बाजूला म्हणजे थेट खाली. रोलही टाळा. ढाल वर धरून चालत जा, मार ढालीवर घ्या, एक वार करा आणि त्याच वाटेने मागे या. जुन्या नाशकातल्या वाड्याचा लाकडी जिना आपण भिंतीला हात लावत, पुढची पायरी चाचपत उतरतो. इथेही चाल तीच ठेवा.

सोटा घेतलेल्या धिप्पाड रानटी शत्रूशी फळीवर भिडू नका. त्याचा एक फटका ढालीवर घेतला तरी स्टॅमिना रिकामा होतो आणि दुसरा तुम्हाला खाली ढकलतो. तो बघेल इतकंच पुढे जा, मग रुंद जागेपर्यंत मागे या. येताना कधी कधी तो आपणच घसरून पडतो. शिडीवर मात्र आधी खाली बघून घ्या, खाली कुणी उभा असेल तर तो तळाशीच गाठतो. एखादी उडी झेपेल की नाही अशी शंका आली तर प्रिझम स्टोन खाली टाका. पडताना तो किंचाळला तर ती उडी जिवावर बेतणार.

“सुरुवातीला मास्टर की घेतली आहे. डेप्थ्स टाळून जाता येतं म्हणतात, ते खरं का?” (देवळाली कॅम्प)

खरं आहे. फायरलिंकवरून लिफ्टने न्यू लोंडो रुइन्सला उतरा. तिथे व्हॅली ऑफ ड्रेक्सकडचं दार मास्टर कीने उघडतं. लिफ्टने खाली जाऊन पुलावरचे ड्रेक (छोटे ड्रॅगन) चुकवत समोरच्या गुहेत शिरलात की ब्लाइटटाउनच्या मागच्या बाजूला निघता. तिथून शिड्या उतरून पाणचक्कीच्या लिफ्टने थेट दलदलीत. फुंकणीवाल्यांचा त्रास बहुतेक टळतो. पण डेप्थ्स कायमचं सोडू नका. तिथल्या पेटीतला लार्ज एम्बर अँड्रे लोहाराला दिल्याशिवाय शस्त्र +५च्या पुढे जात नाही, आणि पायरोमान्सी (आगीची जादू) शिकवणारा लॉरेंटियसही तिथेच पिंपात अडकलेला असतो.

“दलदलीत पोचलो, आता पायच उचलत नाहीत, विष चढतंय, बॉनफायर सापडत नाही. मागे फिरायलाही रस्ता नाही. नवा गेम सुरू करू का?” (पंचवटी)

अजिबात नको. बॉनफायर दलदलीच्या कडेला, दगडी बांधकामातल्या मोठ्या सांडपाण्याच्या पाइपात आहे. काठाकाठाने भिंत न सोडता चालत राहा, गोल तोंड दिसेलच. मधोमध फिरू नका. तिथे डास कितीही मारले तरी येतच राहतात.

दलदलीतलं विष साधं पॉयझन आहे, त्यामुळे महागडं ब्लूमिंग इथे वाया घालवू नका. पाण्यात उभं राहून मॉस खाल्लं तर पट्टी लगेच पुन्हा भरायला लागते. त्यापेक्षा विष अंगावर घ्या, एस्टसवर (हेल्थ भरून देणाऱ्या बाटलीवर) वेळ काढा आणि पुढच्या कोरड्या जागेवर पोचल्यावरच मॉस खा. बॉनफायरवर बसलात तर दोन्ही विषं आपोआप उतरतात. चाल मंदावते त्यावर उपाय आहे रस्टेड आयर्न रिंगचा. ती अनडेड असायलममध्ये परत गेल्यावर मिळते. त्यासाठी फायरलिंकच्या छतावरून कावळ्याच्या घरट्यात जाऊन पाय पोटाशी घेऊन पडून राहायचं. ही अंगठी घातली की चिखलात नेहमीसारखं धावता येतं, रोलही नीट होतो. विष मात्र ती थांबवत नाही.

मागे फिरायला रस्ताही आहे, पाणचक्कीचा. तिच्या फळ्या सतत वरखाली फिरतात. वर जाणारी फळी समोर आली की तिच्यावर चढा आणि वरच्या मजल्यावर उतरा. शिड्या चढत व्हॅली ऑफ ड्रेक्सकडे जाताना वाटेतली पेटी उघडायला विसरू नका, न्यू लोंडोच्या दाराची किल्ली तिच्यात आहे. या टप्प्यावर बॉनफायरवरून बॉनफायरवर उडी मारण्याची सोय अजून मिळालेली नसते, म्हणून ही वाट पाठच करून ठेवा.

जाता जाता एक गोष्ट. दलदलीतल्या मोठ्या जळवांकडून लार्ज टायटनाइट आणि ग्रीन टायटनाइट शार्ड (शस्त्र वाढवायला लागणारे तुकडे) मिळतात. अँड्रेकडे लार्ज एम्बर पोचवला असेल तर इथे अर्धा तास घालवणं सार्थकी लागतं.

“क्वेलागचा स्फोट चुकवता येत नाही. माझं पात्र पायरोमान्सर आहे.” (सातपूर)

क्वेलाग म्हणजे ब्लाइटटाउनच्या शेवटची बॉस, खाली कोळी आणि वर बाई. तिच्यावर आगीचा परिणाम अगदी कमी होतो, त्यामुळे तुमचं मुख्य हत्यार इथे बोथट आहे. साधं शस्त्र वाढवून घ्या आणि त्यावर गोल्ड पाइन रेझिन लावा. मिनिटभर विजेचा मार मिळतो. तीन नग अनडेड बर्गमधल्या बंद घरात आहेत, त्या घराची रेसिडन्स की तिथलाच व्यापारी विकतो. अंगावरचं वजन ५० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर रोल इतका जड होतो की काही चुकवताच येत नाही.

लढताना कोळ्याच्या तोंडासमोर थांबू नका. तोंडातून लाव्हा ओकायला लागली की तीच तुमची संधी. बाजूने वळसा घेऊन मागच्या पायांशी जा, दोन-तीन वार करा आणि बाहेर पडा. जमिनीवरचा लाव्हा काही सेकंदांत विझतो, तोवर त्यावर पाय टाकू नका.

स्फोटाची खूण वरच्या बाईत आहे. तलवार फिरवायची सोडून ती पुढे वाकते आणि कोळ्याच्या डोक्याला मिठी मारल्यासारखी पडते. ते दिसताच पाठ फिरवून पळा. आणखी एक वार बसेल हा मोह इथे घात करतो, कारण ढाल वर असली तरी स्फोट भाजतोच. पळायला पुरेसा स्टॅमिना लागतो, म्हणून वार करताना पट्टीतला तिसरा हिस्सा कायम राखून ठेवा.

सोबत हवी असेल तर मानवी रूपात (बॉनफायरवर ह्युमॅनिटी खर्चून मिळणाऱ्या) दलदलीतून क्वेलागच्या घराकडे जा. मॅनईटर मिल्ड्रेड हल्ला करते. तिला हरवलंत की धुक्याच्या दाराबाहेर तिची खूण उमटते आणि तीच मदतीला येते. खूण दिसायलाही मानवी रूप लागतं.

क्वेलाग पडली की वर जाऊन घंटेची कळ ओढा. मग पायऱ्या उतरून खालच्या भिंतीवर एक वार करा, ती खोटी आहे. आतल्या अंडी वाहणाऱ्या माणसाला आणि पलीकडच्या पांढऱ्या स्त्रीला हात लावू नका. तिला मारलंत तर तिथला बॉनफायर विझतो, आणि पुढे डेमन रुइन्समध्ये उतरताना तोच तुमचा सगळ्यात जवळचा मुक्काम असणार आहे.