शेत विकण्याआधी सातबारा उघडा

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी. वडिलोपार्जित सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलगी बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए 8.1. तिला जमिनीचे हक्क आणि ग्रामीण गरिबी या विषयात काम करायचं आहे. माझं म्हणणं, करायचंच तर जागतिक बँकेत कर. गरिबाला जमिनीचा कागद मिळाला की बँक कर्ज देते आणि गरिबी हटते, त्यालाच ही बँक पैसा पुरवते ना? लंडनच्या एक वर्षाच्या कोर्ससाठी 40 लाख धरलेत. तीन एकर विकतो, उरलेली गहाण टाकतो. मुलगी म्हणते, आधी दोन-तीन वर्षं इथेच काम करते. मग लग्नाचं वय निघून जाईल. सगळं ठरलंय, तिची सही तेवढी घ्यायची राहिली आहे. तिला समजवा. (एक पालक)

उत्तर : मुलीच्या 8.1 ची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटली ती ‘तिची सही तेवढी घ्यायची राहिली आहे’ या वाक्याची.

जमीन वडिलोपार्जित आहे असं तुम्हीच लिहिलंय. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली, तेव्हापासून अशा मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच जन्मतः हिस्सा आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे सही करताना ती स्वतःच्या हिश्शावर पाणी सोडणार आहे, आणि तिच्यासाठीच विकतोय म्हटल्यावर तिला नाही म्हणता येणार नाही. खेड्यापाड्यांत बायकांची नावं जमिनीवरून जातात ती बहुतेक वेळा अशीच, घरच्या माणसांच्या मायेपोटी. तिच्या आईचं मत काय, हे तर पत्रात कुठेच नाही.

दुसरं, हे 40 लाख तिच्या डोक्यावर बसतील. या क्षेत्रातला पहिला पगार इतका नसतो की घरातल्यांनी विकलेली तीन एकर तीन-चार वर्षांत परत उभी राहील. मग ती ज्या कामासाठी शिकली ते सोडून जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे जाईल. तिला दोष देता येणार नाही.

आता जागतिक बँकेबद्दल. तिथे थेट शिरण्याची ओळखीची वाट म्हणजे यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम, तरुणांना नोकरीत घेण्याची बँकेची योजना. तिथे मास्टर्सवर कामाचा अनुभव किंवा पीएचडी लागते, आणि स्पर्धा जगभरातल्या मुलांशी असते. बाकी बरेच जण कन्सल्टंट म्हणून आत येतात. अल्प मुदतीच्या कन्सल्टंटला वर्षाला जास्तीत जास्त 150 दिवसांचं काम मिळतं, त्यात पर्मनंट काही नसतं. नुसत्या लंडनच्या डिग्रीवर, अनुभवाशिवाय, हे दार उघडत नाही.

तुमच्या पत्रातला एक समज मात्र नीट सोडवायला हवा, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे : कागद मिळाला की कर्ज, कर्ज मिळालं की गरिबी गेली. अर्जेंटिनात ब्यूनोस आयर्सजवळच्या सान फ्रान्सिस्को सोलानो भागात 1981 मध्ये गरीब कुटुंबांनी मोकळी जागा धरून घरं बांधली. 1984 च्या कायद्याने सरकारने ती जागा मूळ मालकांकडून घ्यायला सुरुवात केली. काही मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजारशेजारच्या घरांपैकी काहींना पट्टा म्हणजे मालकीचा कागद मिळाला, काहींना नाही, आणि अभ्यासकांना तुलना करता आली. पट्टा मिळालेल्यांची घरं पक्की झाली, मुलं शाळेत जास्त वर्षं टिकली. पण बँकेच्या कर्जात जेमतेम फरक पडला आणि उत्पन्नात फरक दिसलाच नाही. बँक कागदाबरोबर नियमित मिळकत पाहते, आणि कर्ज थकलं तर तारण विकता येईल का हेही पाहते. आपल्याकडेही तेच आहे. सातबाऱ्यावर पीककर्ज मिळतं, पण शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात, कारण थकीत कर्जात तारण जप्त करण्याचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. उरलेली तीन एकर गहाण टाकायला तुम्ही बँकेत गेलात तर बहुधा हेच ऐकाल आणि मग सावकाराच्या दारात जाल. तसं करू नका.

कागदाचा खरा उपयोग आहे तो उठवलं जाण्याची भीती कमी होण्यात, आणि तोही कागद ज्याच्या हातात पडतो त्याच्यापुरता. कंबोडियात जागतिक बँकेच्या मदतीने पट्टेवाटप चाललं होतं. नोम पेन्हमधल्या बंग काक तळ्याकाठच्या कुटुंबांना मात्र त्यातून वगळलं गेलं आणि 2007 मध्ये ती जागा 99 वर्षांच्या लीजवर एका कंपनीला दिली गेली. लोकांनी बँकेच्या तपास समितीकडे तक्रार केली, आणि 2011 मध्ये बँकेने त्या देशाला नवी कर्जं देणं थांबवलं. अशा प्रकल्पात कोणाचं नाव यादीतून गळलं हे पाहणारा माणूस लागतो. बँकेच्या आजच्या नियमांत प्रकल्पामुळे उठावं लागणाऱ्या, कागद नसलेल्यालाही पुनर्वसनाची मदत द्यावी लागते, पण ठरलेल्या तारखेआधी झालेल्या रहिवाशांच्या गणनेत त्याचं नाव असलं तरच. कूळ, वेगळी राहणारी बाई, गुरं चारायला येणारे हे पहिल्या फेरीतच सुटतात, कारण गणना करणारा घराच्या दाराशी बसलेल्या पुरुषालाच विचारतो. तुमच्या मुलीला हे काम करायचं आहे आणि ते गावात राहूनच शिकता येतं. तिचं म्हणणं बरोबर आहे.

म्हणून तिला आधी काम करू द्या. जागतिक बँकेच्या कर्जावरचा पोकरा हा राज्य सरकारचा शेती प्रकल्प तुमच्याच जिल्ह्यात आला, असे प्रकल्प आणि जमिनीवर काम करणाऱ्या संस्था कंत्राटी माणसं घेतात. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते तिने शिकावं. देशात शिकायचं असेल तर टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्थेचं) तुळजापूर केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे, प्रवेश सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून. परदेशी जायचं असेल तर दोन वर्षांच्या अनुभवावर ब्रिटिश सरकारची चिवनिंग शिष्यवृत्ती आणि तीन वर्षांच्या अनुभवावर जागतिक बँकेची जपानच्या पैशावरची शिष्यवृत्ती, हे रस्ते खुले होतात. या दुसऱ्या शिष्यवृत्तीला विद्यापीठाचा बिनशर्त प्रवेश हातात असावा लागतो. कित्येक अर्ज तिथेच बाद होतात, त्यामुळे प्रवेशाची तयारी वर्षभर आधी सुरू करावी. लग्नाचं म्हणाल, तर तिच्या कामाचा आदर करणारं स्थळ तीन वर्षांनीही येईल.

सहीचा कागद बाजूला ठेवा. या आठवड्यात घरचा सातबारा, आठ अ (खात्यातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी) काढून दोघांनी शेजारी बसून वाचा. सातबारा मालकीचा अखेरचा पुरावा नसतो. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 157 नुसार त्यातली नोंद, खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, इतकंच. वारसनोंदी झाल्यात का, तुमच्या बहिणींची नावं कधी आणि कोणत्या फेरफाराने गेली, तिच्या आईचं नाव कुठे आहे का, ते बघा. मग तिला गावातल्या वीस खात्यांचं हेच काम करू द्या : किती बायका कब्जेदार आहेत, किती नुसत्या इतर हक्कांच्या रकान्यात आहेत, किती मयतांची नावं अजून तशीच आहेत. हे सगळं वहीत उतरवलं की ती वही तिच्या पहिल्या अर्जाला जोडता येईल.